भायली

कौशिकभाईंच्या स्कूटरवर मागे बसून
तीन रविवार मी गावं बघत फिरले.
बडोद्यात नको, बडोद्याच्या कडेला हवं,
जिथून कंपनीची बस सव्वासहाला उचलेल,
भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात मावेल
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीचं तोंड
कुणाच्या देवघराकडे नसेल.

रात्री फोनवर कुडाळचं अख्खं घर
एका चौकोनात दाटी करून बसायचं.
पहिलं गाव सांगितलं : पादरा.
मैथिली जमिनीवर लोळून हसली.
“नव्या शाळेत पत्ता विचारला तर मी हे सांगू?”
भाडं किती कमी आहे ते तरी ऐक, असं म्हणता म्हणता
सुहासलाही पुढे बोलवेना.
पादरा गेलं.

मग पोर, हमरस्त्यावरचं, ट्रकांच्या धुळीतलं.
मग बिल. खरंच बिल, पाटीवर तसंच लिहिलेलं.
सुहास म्हणाला, आधीच तीन येतात, चौथ्यात राहायचं कशाला?

सेवासीला फरशी पांढरीशुभ्र,
गच्चीवरून एरंडाची शेतं.
मालकांनी खुर्ची दिली. आडनाव विचारलं.
तेंडोलकर म्हणजे कुठले ते विचारलं,
तिथून समुद्र किती लांब, तेही विचारलं.
मग चहा आलाच नाही.

जिन्यात कौशिकभाई म्हणाले,
“बेन, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.”
माझ्या पर्समध्ये तेव्हा सोड्यांची बरणी होती,
फडक्यात तीनदा गुंडाळलेली.
हॉटेलच्या खोलीत ठेवायला धीर होत नव्हता.
नाही म्हणायला ती आधी खाली ठेवावी लागली असती.

चौथं गाव तळ्याच्या अलीकडे.
जुनी घरं पाठीला पाठ लावून,
त्यांच्यामागे एकदम बारा मजले,
मध्ये फ्लॉवरची रोपं आणि कुणाची तरी म्हैस.
भिंतीवर एक तपकिरी रेघ होती, सरळ, कुणी आखल्यासारखी.
पाणी कुठवर आलं होतं?
कौशिकभाईंनी हात गुडघ्याशी नेला,
माझा चेहरा बघून घोट्यापर्यंत उतरवला.
मागे उभ्या चौकीदाराने काही न बोलता
स्वतःची कंबर दाखवली.

दुसरा मजला घेऊ, मी म्हटलं.

तळमजल्यावर कमुबेन राहतात, घर त्यांचंच.
त्यांना मी सगळं आधीच सांगून टाकलं,
समुद्र, आडनाव, बरणीसुद्धा.
त्या बराच वेळ मेथी निवडत राहिल्या.
मग म्हणाल्या, वारा पश्चिमेचा असतो,
पूर्वेची खिडकी उघडायची, पश्चिमेची नाही.
एवढंच. हसल्या नाहीत.
अनामत दोन महिन्यांची, तीन मागितली होती त्यातली.

रात्री चौकोनात सांगितलं : भायली.
कुणी हसलं नाही. आये पुढे सरकली,
तिचं कपाळच तेवढं दिसू लागलं.
“भायली? म्हंजे भायरची?”
गुजरातीत तसं नाही गं, नावच आहे नुसतं.
“असांदे,” आये म्हणाली.
“नाव तरी खोटा नाय.”

सोमवारी गॅसच्या ऑफिसात फॉर्म भरला.
अक्षरं तीन आठवड्यांत शिकलेली,
पहिलीतल्या मुलीसारखी सुटी सुटी.
नाव, मजला, कमुबेनचं घर, गाव.
गाव लिहून झालं आणि हात थांबला नाही.
सवयीने वरून एक रेघ ओढून गेला,
जिथे त्या लिपीत काहीच नसतं, मोकळं असतं.
चार अक्षरांचं छप्पर झालं तिथे, किंचित तिरकं.

कारकुनाने चष्मा वर केला.
रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
मी खोडायला पेन पुढे केलं.
त्याने फॉर्म ओढून घेतला
आणि रेघेवरच, जरा जोरात, शिक्का मारला.